वाचकांचे प्रश्न : आजोबा युद्धात नेमकं काय करत होते?

जर्मनीत राहणाऱ्या, तिथल्या घरांत लग्न होऊन गेलेल्या मराठी वाचकांची एकाच वळणाची पत्रं अलीकडे वरचेवर येतात. घरातला कुणीतरी १९३९ ते १९४५ या काळात कुठे होता, काय करत होता, यावर कुणी बोलत नाही आणि ते न बोलणं आता पुढच्या पिढीला टोचतं. त्यांतली निवडक पत्रं इथे घेतली आहेत. शेवटचं पत्र मराठवाड्यातलं आहे. विषय तोच, म्हणून सोबत ठेवलं.

प्रश्न : माझे यजमान जर्मन आहेत. सासूबाई गेल्यावर घर आवरताना तळघरात बुटांचा एक खोका सापडला. त्यात आजेसासऱ्यांची गरुडाचं चिन्ह असलेली छोटी वही, साठेक पत्रं आणि काही फोटो आहेत. सासरे म्हणतात, "ते नुसते ट्रक चालवायचे." आम्हाला खरं काय ते बघायचंय. सुरुवात कुठून करू? (स्टुटगार्ट)

खोका आहे तसाच ठेवा आणि आधी त्याचे फोटो काढा. वरून, मग थरागणिक. कोणता कागद कशाजवळ होता, हीसुद्धा माहितीच असते आणि हौसेनं तारखेवार लावून टाकली की ती जाते. पत्र पाकिटातून काढलं तर दोघांवर एकच नंबर घाला, मऊ पेन्सिलीनं, मागच्या कोपऱ्यात. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. गंजलेल्या टाचण्या काढून टाका. अल्बममधले फोटो उचकटू नका; मागे काही लिहिलेलं दिसत असेल तर कडेनं बारीक उजेड टाकून वाचा.

मग वही बघा. ती वेरपास (लष्करी सेवेची नोंदवही) आहे की झोल्डबूख (सैनिकाची पगारवही), यावर बरंच ठरतं. झोल्डबूख सैनिकाच्या खिशात असायची. वेरपास मात्र तो नोकरीत असेपर्यंत तुकडीच्या कचेरीत राहायचा आणि सुटल्यावर त्याच्या किंवा मृत्यूनंतर घरच्यांच्या हाती यायचा. त्यात कोणत्या तुकडीत, कधीपासून कधीपर्यंत, कोणत्या लढायांत, अशा नोंदी असतात. ती पानं आधी टिपून घ्या. एखादं पान फाडलेलं, खोडलेलं दिसलं तर तेही लिहून ठेवा. त्यावरून निष्कर्ष मात्र काढू नका, कारण १९४५ मध्ये हातातल्या वहीतलं चिन्ह खरवडणारे लोक निव्वळ भीतीनंही ते करत होते.

आता अर्ज. पूर्ण नाव, जन्मतारीख आणि जन्मगाव या तीन गोष्टींशिवाय कुठलाही अर्ज पाठवू नका. नुसत्या 'म्युलर' नावावर हाती काही लागत नाही. या गोष्टी नसतील तर आधी गावच्या जन्म-मृत्यू नोंदणी कचेरीतून दाखला काढा. मृत्यूचा दाखलाही सोबत लावा. व्यक्तीच्या मृत्यूला १० वर्षं झाली असतील तर केंद्रीय अभिलेखागाराचे कागद सहसा खुले असतात, आणि मृत्यूची तारीखच माहीत नसेल तर जन्मापासून १०० वर्षं धरतात.

ठोठावायची दारं अशी. बर्लिनमध्ये केंद्रीय अभिलेखागाराचा सैनिकांच्या माहितीचा विभाग आहे. पूर्वी ही वेगळी कचेरी होती, २०१९ पासून ती बुंडेसआर्खिवमध्ये, म्हणजे याच केंद्रीय अभिलेखागारात आली. तिथून ओळखबिल्ल्याचा क्रमांक, तुकड्या, जखमा, इस्पितळं, युद्धकैद अशा नोंदींचा गोषवारा मिळतो. उत्तराला महिनोन्‌महिने लागतात, तेव्हा हा अर्ज पहिल्याच आठवड्यात टाका. दुसरं दार बर्लिनच्याच लिश्टरफेल्ड भागातलं, नाझी पक्षाच्या सभासदत्वाची कार्डं आणि एसएस-एसए या पक्षाच्या निमलष्करी दलांची कागदपत्रं यांचं. कोटीभराहून जास्त असलेली ही कार्डं १९४५ मध्ये म्युनिकजवळच्या एका कागद गिरणीत लगद्यासाठी पाठवली होती. गिरणीवाल्यानं ती तशीच ठेवली म्हणून वाचली. कार्डावरची तारीख बघा. १ मे १९३३ ही हवा बघून आत शिरलेल्यांची तारीख. त्यानंतर प्रवेश बंद झाला आणि पुन्हा उघडला तेव्हा बहुतेकांना १ मे १९३७ ही तारीख मिळाली. १९३० किंवा त्याआधीची तारीख असेल तर तो माणूस वाऱ्याबरोबर वाहत गेला असं म्हणता येत नाही.

तिसरं दार आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: युद्धानंतरच्या नाझी-निर्मूलन चौकशीची फाईल. ही राज्य अभिलेखागारात असते आणि माणूस कुठे जन्मला यावर नव्हे, तर १९४६ ते १९४८ च्या सुमारास तो कुठे राहत होता यावर ती शोधायची. नेमकं इथेच लोक चुकतात. तो तेव्हा स्टुटगार्टच्या बाजूला असेल तर लुडविग्सबुर्ग. फ्रेंचांच्या ताब्यातल्या दक्षिण वुर्टेम्बर्गमध्ये असेल तर सिग्मारिंगन. फाईलमध्ये १३१ प्रश्नांचा छापील फॉर्म त्यानं स्वतः भरलेला सापडू शकतो. निकालाचे पाच वर्ग होते: मुख्य दोषी, दोषी, कमी दोषी, 'मिटलॉयफर' म्हणजे मागोमाग चालणारा, आणि निर्दोष. मिटलॉयफर हा शिक्का इतका सर्रास मिळाला की तो वाचून सुस्कारा सोडू नका. फाईलमध्ये पाद्री, शेजारी, डॉक्टर यांची 'हा सज्जन माणूस आहे' अशी पत्रंही असतील. लोक त्यांना पेर्सिलशाइन म्हणजे पेर्सिलचा दाखला म्हणत, पेर्सिल ही कपडे धुण्याची पावडर. तुमचं काम एवढंच: सभासदत्वाचं कार्ड, वेरपास आणि हा फॉर्म शेजारी ठेवायचे आणि तारखा जुळवायच्या. जिथे त्या जुळत नाहीत, तिथे लपवलेलं काहीतरी असू शकतं.

लुडविग्सबुर्गलाच १९५८ साली नाझी गुन्ह्यांच्या तपासाची मध्यवर्ती कचेरी सुरू झाली. तिथल्या कार्डांमध्ये नाव आलं म्हणजे आरोपी, असं नाही. साक्षीदारांचीही कार्डं आहेत. फाईल क्रमांक घेऊन मूळ जबाब वाचावा लागतो.

आणि ट्रकचं काय? एप्रिल १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात पॉट्सडॅमचं लष्करी अभिलेखागार जळालं, त्यामुळे साध्या सैनिकाची स्वतंत्र फाईल क्वचितच मिळते. मिळतं ते इतकंच: अमुक तारखेला अमुक तुकडीत. मग त्या डिव्हिजनची युद्ध-रोजनिशी बघायची, फ्रायबुर्गच्या लष्करी अभिलेखागारात. अमेरिकनांनी पकडलेल्या कागदांच्या टी-३१५ या मालिकेच्या मायक्रोफिल्मवरही डिव्हिजनांचे कागद आहेत. ट्रक चालवणारा माणूस धान्य नेत होता की माणसं, हे रोजनिशी नावानिशी सांगणार नाही. पण त्या आठवड्यात तुकडी कोणत्या गावात होती आणि तिथे काय घडलं, हे कळू शकतं. त्यापुढे 'माहीत नाही' असंच लिहावं लागतं. ते दोन शब्द लिहायला बऱ्याच घरांना जड जातं, कारण एकतर आजोबांना वाचवायचं असतं नाहीतर फासावर द्यायचं असतं.

फोटोंबद्दल एकच. फाशीचे, प्रेतांचे फोटो सैनिक एकमेकांकडून घेत, कॉप्या काढून वाटत. फोटो खोक्यात आहे, यावरून माणूस तिथे उभा होता हे ठरत नाही.

प्रश्न : मी पुण्यात जर्मनचे वर्ग घेते, भाषांतरंही करते. एका कुटुंबानं १९४१–४३ मधली रणांगणावरची पत्रं पाठवली आहेत. छापील जर्मन मला पाण्यासारखं येतं, पण हे अक्षर लागतच नाही. (पुणे)

मोडी शिकलेल्या कुणाला तरी दाखवा, त्यांना तुमचं दुखणं लगेच कळेल! भाषा आपली आणि लिपी परकी, असाच हा प्रकार. हे कुरेंट किंवा त्याची शाळेत शिकवलेली सोपी आवृत्ती झ्युटरलीन आहे. १९४१ मध्ये सरकारनंच ती बंद केली, पण हात वळलेला माणूस तीच लिहीत राहिला. सुरुवातीला चार गोष्टी पकडा. 'e' हा आपल्याला 'n' वाटतो. 'u' च्या डोक्यावर छोटी कमान असते, ती नसेल तर तो 'n'. 'h' वरखाली दोन्हीकडे फास टाकतो, आणि 's' शब्दाच्या सुरुवातीला-मध्ये एक, शेवटी दुसरा. पत्राचा मायना आणि शेवट ठरलेले असतात, म्हणून आधी दहा पत्रांचे फक्त मायने वाचा आणि त्यावरून त्या माणसाची वर्णमाला स्वतःच्या हातानं कागदावर काढा. अक्षर लागण्याआधी अर्थ लावायला जाऊ नका. मन नको तो शब्द घुसवतं. 'ट्रान्सक्रिब्युस' हे संगणकीय साधन मदतीला आहे, पण गावांची आणि माणसांची नावं त्यात हमखास चुकतात.

स्कॅन ४०० डीपीआय, रंगीत, पाकिटासकट. पाकिटावरचा पाच आकडी फेल्डपोस्ट क्रमांक म्हणजे तुकडीचा पत्ता. तो युद्धात बदलत असे, तेव्हा एका पत्रावरून सगळी वर्षं ठरवू नका.

खरी अडचण भाषांतरात आहे. 'उमझीडलुंग' हा शब्द आला की कोशात 'स्थलांतर' सापडतं. १९४२ च्या पोलंडमधून लिहिलेल्या पत्रात तो ज्यूंबद्दल असेल, तर ते मृत्युछावणीत पाठवण्याचं सरकारी नाव आहे. 'झॉयबरुंग' म्हणजे साफसफाई, 'आक्त्सिओन' म्हणजे कारवाई. 'पार्टिझान' तर अनेकदा ज्या गावकऱ्याला मारलं त्याला मेल्यावर चिकटवलेलं नाव. असे शब्द मूळ रूपात ठेवा आणि खाली टीप द्या. सौम्य करू नका, भडकही करू नका. पत्रं तपासली जायची, त्यामुळे एखादी गोष्ट पत्रात नाही हा ती घडली नसल्याचा पुरावा होत नाही.

काम घेण्याआधी कुटुंबाला लेखी विचारा: गंभीर काही सापडलं तर आधी कुणाला सांगायचं आणि फोनवर की कागदावर. हे आधी ठरलं नाही, तर रात्री अकरा वाजता एखादं वाक्य वाचून तुम्हीच ते एकट्या घेऊन बसाल. दिवसाला तीन-चार पत्रांच्या वर जाऊ नका.

प्रश्न : सासरे ८६ वर्षांचे. वडिलांचा विषय निघाला की उठून बागेत जातात. आता आमची ११ वर्षांची मुलगीच विचारायला लागली आहे. (हॅम्बर्गजवळ)

सासरे १९४५ मध्ये पाच-सहा वर्षांचे असणार. ते आरोपी नाहीत. बॉम्ब, तळघर, उपासमार, परत न आलेला किंवा आलेला पण न बोलणारा बाप, हे त्यांचं बालपण. त्यांना विचारलेला प्रत्येक प्रश्न त्यांच्या कानाला 'तुझा बाप खुनी होता का' असाच ऐकू येतो.

इस्रायली मानसशास्त्रज्ञ डॅन बार-ऑन यांनी १९८५ पासून जर्मनीत गुन्हेगारांच्या मुलांच्या मुलाखती घेतल्या. त्यांनी याला दुहेरी भिंत म्हटलं. आईबाप सांगायचं नाही म्हणून भिंत बांधतात, मुलं ऐकायचं नाही म्हणून आपली दुसरी. मग कधी एकानं खिडकी उघडली तरी समोर दुसऱ्याची भिंत येते. म्हणून 'ते आता का बोलत नाहीत' याच्या जोडीला, ते पूर्वी कधी बोलले होते तेव्हा घरात कुणी विषय बदलला होता का, हेही आठवून बघा.

प्रश्न लहान आणि हाताला लागेल असा विचारा. "तुमच्या वडिलांना पत्रं कुठून यायची?" "ते घरी आले तेव्हा अंगात काय होतं?" "आई त्यांच्याबद्दल काय सांगायची?" नाझी, गुन्हा, अपराध हे शब्द पहिल्या चार भेटींत नकोत. टेबलावर एकच फोटो ठेवा. वेळ पाऊण तास, त्याहून जास्त नाही. ध्वनिमुद्रण त्यांना विचारूनच. नाताळ, वाढदिवस आणि कुणाच्या अंत्यविधीचा दिवस टाळा. नेमका तेव्हाच लोक विषय काढतात. ते बागेत गेले तर त्यांना जाऊ द्या. त्यांच्या मागे जावंसं वाटलं तर कात्री घेऊन जा आणि गुलाब छाटायला लागा. शेजारी उभं राहून, नजर दुसरीकडे असताना बोलणं सोपं जातं.

मुलीला खरं आणि थोडक्यात सांगा. "तुझे पणजोबा हिटलरच्या सैन्यात होते. त्या सैन्यानं फार वाईट गोष्टी केल्या. त्यांनी स्वतः काय केलं ते आम्ही शोधतोय." एवढं अकराव्या वर्षी पुरतं. छावण्यांची छायाचित्रं आत्ता नकोत. 'ते मनातून विरोधात होते' असं मात्र माहीत नसताना सांगू नका. समाजमानसशास्त्रज्ञ हाराल्ड वेल्त्सर आणि सहकाऱ्यांना जर्मन कुटुंबांच्या अभ्यासात हेच दिसलं होतं: आजोबांची गोष्ट नातवंडांच्या तोंडी येईपर्यंत आजोबा जास्त चांगले होत जातात, आणि नातवंडं खोटं बोलत नसतात, प्रेमापोटी ऐकलेल्या गोष्टीतलं नकोसं गाळतात.

प्रश्न : स्वस्तिक असलेलं पदक आणि पट्ट्याचं बक्कल सापडलं. ठेवलं तर गुन्हा होतो का? आणि आजीचं एक मोठं शिसवी कपाट '१९४२ च्या लिलावातलं' आहे असं म्हणतात. (फ्रँकफर्ट)

घरात ठेवण्याला बंदी नाही. जर्मन फौजदारी संहितेच्या कलम ८६ अ ची बंदी ही चिन्हं जाहीरपणे दाखवण्याला आणि पसरवण्याला आहे. शिक्षण-संशोधनाला सूट आहे. समाजमाध्यमावर 'बघा काय सापडलं' म्हणून फोटो टाकणं अंगाशी येऊ शकतं. जुन्या बाजारात विकू नका. ते नेमकं नको त्या हौशी माणसाकडे जातं. शहराच्या संग्रहालयाला द्या, पण माणसाचं नाव, तुकडी आणि कुठे सापडलं याचा कागद जोडून. नुसतं पदक त्यांच्याकडे ढीगभर आहे.

कपाटाचा प्रश्न आम्हाला पदकापेक्षा गंभीर वाटतो. २५ नोव्हेंबर १९४१ च्या वटहुकमानं देशाबाहेर हद्दपार केलेल्या ज्यूंची मालमत्ता सरकारजमा व्हायची. वित्त कचेऱ्या ती लिलावात काढत आणि शेजारपाजारचे लोक पलंग, चादरी, शिवणयंत्रं घेऊन जात. या कचेऱ्यांच्या फाईली राज्य अभिलेखागारांत आहेत, आणि लिलावाच्या यादीत वस्तू, बोली, घेणाऱ्याचं नाव कधी कधी सापडतं. चित्र, चांदी, पुस्तकं असं काही असेल तर माग्डेबुर्गच्या सांस्कृतिक वस्तूंच्या शोधकेंद्राकडे विचारा. कपाटाच्या मागच्या फळीवर, खणांच्या बुडाशी खडूचे आकडे किंवा चिठ्ठ्या आहेत का ते आधी बघा, आणि तोवर पॉलिश करू नका.

प्रश्न : मुलगा २३ वर्षांचा. पणजोबा पोलीस बटालियनमध्ये होते हे कळल्यापासून म्हणतो, "हे माझ्या रक्तात आहे." झोप उडाली आहे. माझी आई म्हणते, हा पितृदोष आहे, त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करू. (म्युनिक)

आजींना दुखवू नका. विधी केल्यानं घराला हलकं वाटणार असेल तर वाटू द्या. पण त्या विधीत आपण आपल्याच पितरांशी बोलतो. इथे ज्यांचं देणं आहे ते दुसऱ्यांचे पितर आहेत.

मुलाला हे सांगा की अपराध रक्तातून उतरत नाही. तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांनी १९४६ मध्येच फौजदारी, राजकीय, नैतिक आणि त्यापलीकडचा असे अपराधाचे चार प्रकार वेगळे केले होते. फौजदारी आणि नैतिक अपराध ज्याचा त्याचा. वारशात येतात ती घर, पैसा, लकबी आणि गप्प बसण्याची सवय. यांचं काहीतरी करता येतं.

पोलीस बटालियन हा विषय मात्र गंभीरच आहे, तो 'असेल काहीतरी' म्हणून उडवू नका. हॅम्बर्गच्या १०१ क्रमांकाच्या राखीव बटालियनमध्ये सुमारे ५०० माणसं होती, बरीचशी मध्यमवयीन, संसारी. १३ जुलै १९४२ ला पोलंडमधल्या युझेफूफ गावात त्यांनी सुमारे १५०० ज्यूंना गोळ्या घातल्या. सुरुवातीला अधिकाऱ्यानं विचारलं होतं, ज्याला जमणार नाही त्यानं बाजूला व्हावं. डझनभर झाले. 'हुकूम होता, नाहीतर त्यांनाच मारलं असतं' हे घरोघरी ऐकू येणारं वाक्य या नोंदींपुढे टिकत नाही. तुमच्या पणजोबांची बटालियन कोणती होती, हे आधी शोधा. सगळ्या बटालियनांचा इतिहास एक नव्हता, आणि क्रमांक कळेपर्यंत मुलगा मनातल्या मनात सगळ्यांचे गुन्हे एका माणसाच्या नावावर मांडत राहणार. नेमकं कळलेलं वाईट हे अंदाजातल्या वाईटापेक्षा पेलायला सोपं जातं, असाच या कामातला अनुभव आहे.

झोप दोन आठवड्यांहून जास्त बिघडली असेल, जेवण-अभ्यास सुटला असेल, जगू नये असं तो बोलला असेल, तर अभिलेखागार राहू द्या आणि आधी डॉक्टर गाठा. जगू नये असं बोलला असेल तर त्याच दिवशी. उपचार करणाऱ्याला 'क्रीग्सएन्केल' म्हणजे युद्धाची नातवंडं या विषयाचा अनुभव आहे का, ते विचारा. हॅम्बर्गमधल्या नॉयेनगामे छावणी-स्मारकात घरातल्या गुन्हेगारांचा शोध घेणाऱ्या वंशजांसाठी कार्यशाळा होतात. तिथे आपल्यासारखे दहा-पंधरा लोक भेटले की अर्धी लाज उतरते. हातांना काम हवं असेल तर बाड आरोलझेनच्या अभिलेखागाराचा 'एव्हरी नेम काउंट्स' हा उपक्रम आहे. छावण्यांतल्या कार्डांवरची नावं घरबसल्या संगणकात भरायची. एका बैठकीत वीस कार्डं भरून होतील. पीडितांच्या वंशजांना मात्र अचानक पत्र लिहून माफी मागू नका. ते ओझं त्यांच्या दारात नेऊन टाकण्यासारखं आहे. माहिती द्यायची असेल तर स्मारकामार्फत द्या आणि उत्तराची अपेक्षा ठेवू नका.

प्रश्न : आमच्या गावात पोलीस ॲक्शननंतर काय झालं हे आजी अर्धवट सांगायची आणि थांबायची. आमची एक जमीन पूर्वी मुसलमान कुटुंबाची होती, असं गावात बोलतात. शोधायचं कसं? (धाराशिव जिल्हा)

रझाकारांनी केलेले अत्याचार आपल्याकडे घरोघरी सांगितले जातात, आणि ते खरेच आहेत. १३ सप्टेंबर १९४८ ला सैन्य हैदराबाद संस्थानात शिरलं, १७ तारखेला निजामानं शरणागती जाहीर केली. त्यानंतरच्या आठवड्यांत मुसलमानांवर जे झालं, ते सांगताना आज्या थांबतात. सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या मंडळानं मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. सर्वांत जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड ही नावं आहेत, आणि घरं-जमिनी बळकावल्याची नोंदही आहे. अहवाल कित्येक दशकं दडून होता.

जमिनीसाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात गट नंबर आणि जुना सर्व्हे नंबर दोन्ही देऊन नकला मागा: १९५४-५५ चं खासरा पत्रक, सेतवार, आणि तेव्हापासूनचे सगळे फेरफार. फक्त सातबारा बघून काही कळणार नाही. जुने कागद उर्दूत किंवा मोडीत असतात आणि सन फसली असतो. त्यात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो. वाचणारा माणूस गावाबाहेरचा घ्या. गावातला घेतला तर संध्याकाळपर्यंत पारावर चर्चा.

नाव बदललं म्हणजे बळकावलं, असं लगेच धरू नका. १९५० च्या हैदराबाद कुळकायद्यानं कितीतरी जमिनी रीतसर कुळांच्या नावे झाल्या, काही मालक विकून हैदराबादला गेले. फेरफारात कारण काय लिहिलंय ते बघा: खरेदी, कुळहक्क, वारस की नुसताच 'ताबा'. ताबा असेल तर तारीख बघा, आणि त्या वेळी तलाठी-पाटील कोण होते ते बघा. मग आजीच्या वयाच्या दोन बायकांना, वेगवेगळ्या वेळी, एकच साधा प्रश्न विचारा: त्या शेताला तेव्हा काय म्हणायचे? शेताचं जुनं नाव बहुतेकदा मालकाच्याच नावावरून पडलेलं असतं, आणि ते सांगायला कुणाला संकोच वाटत नाही.